कुत्र्यांतील सांसर्गिक रोग व त्यांच्या प्रसाराच्या वाटा

खेड्यातील कुत्रा बहुधा एका घरचा नसून साऱ्या आळीचा असतो. एका दारी शिळी भाकरी, दुपारी शाळेच्या पडवीतील सावली आणि रात्री वस्तीची राखण, असा त्याचा दिनक्रम असतो. या मुक्त संचारामुळेच कुत्र्यांतील रोग झपाट्याने फैलावतात व त्यांपैकी काही मुलांपर्यंतही पोहोचतात. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळले, म्हणजे ती वाट अडविता येते.

पहिली वाट श्वासाची. डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग आजारी कुत्र्याच्या शिंकण्या-खोकण्यातून व नाका-डोळ्यांतील स्रावातून पसरतो. प्रथम ताप व खोकला, डोळ्यांत चिपडे आणि पुढे झटके, असा त्याचा क्रम असतो. झटके पाहून कुत्रा पिसाळला असे लोक समजतात. परंतु हा रोग निराळा असून तो माणसास होत नाही. वन्य पशूंना मात्र तो घातक ठरतो. २०१८ साली गुजरातेतील गीरच्या अरण्यात सिंह दगावले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या शरीरात हाच विषाणू आढळला होता.

दुसरी वाट मलमूत्राची. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला पार्व्हो रोग थोड्याच काळात जगभर पसरला. यात पिलांना ओकाऱ्या व रक्तमिश्रित हगवण होते. याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि चपला किंवा खाण्याची भांडी यांबरोबर दुसरीकडे जातो. म्हणूनच एक पिलू मेले त्याच जागी दुसरे आणून ठेवल्यास तेही दगावते. हा रोगही माणसास होत नाही. लेप्टोस्पायरा हे जंतू मात्र कुत्र्यांच्या व उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि जखमेवाटे माणसाच्याही शरीरात शिरतात.

जंतांची कथा अधिक चमत्कारिक आहे. गोलकृमींची लागण पिलास आईच्या गर्भातच होते. जन्मानंतर तिच्या दुधातूनही होते. विष्ठेतून पडलेली अंडी मातीत पक्व होतात व मातीने भरलेल्या हातांवाटे मुलांच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या कधी कधी डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टीस इजा करितात. अंकुशकृमींच्या अळ्या ओल्या जमिनीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. पट्टकृमींचा एक प्रकार पिसवांच्या पोटात वाढतो. अंग खाजवून चावताना कुत्रा ती पिसू गिळतो व जंत त्याच्या आतड्यात घर करितो. दुसरा एक प्रकार, कापलेल्या शेळ्या-मेंढ्यांची गाठी असलेली काळजे कुत्र्यांना टाकल्याने पसरतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात मोठ्या गाठी होतात. यास्तव असे अवयव खोल पुरून टाकावेत.

अंगाला अंग लागून खरूज पसरते. गोचीड तर रक्त पिऊन थांबत नाही. ती रक्तातील रोगजंतूही एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे नेते. तिची मादी भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते; म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागाही स्वच्छ करावी लागते.

सर्वांत भयंकर वाट दाताची. अलर्क रोगाचा विषाणू लाळेतून जखमेत व तेथून मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो. कुत्र्यात लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस त्याची लाळ विषारी झालेली असते. म्हणून कुत्रा शांत दिसतो यावर विसंबू नये. माणसात लक्षणे उमटल्यानंतर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु त्यापूर्वी लस वेळेवर मिळाल्यास रोग टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास ही लस प्रथम दिली व तो वाचला.

चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर मिरची, चुना वा हळद लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा व लशीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. पोटात चौदा सुया टोचतात ही भीती आता निराधार आहे. ती जुनी लस भारतात २००४ पासून बंद झाली असून आजची लस दंडात दिली जाते.

कुत्र्यांना मारून हा रोग हटत नाही. गावातील शेकडा सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर त्याची साखळी तुटते. पिलांना वेळच्या वेळी जंतांचे औषध व लस द्यावी, हे पालकांस सांगावे. मुलांना हात धुण्याची, तसेच खाणाऱ्या, झोपलेल्या व पिलांजवळच्या कुत्रीस न छेडण्याची सवय लावावी.

पुष्कळदा मूल मार बसेल या भीतीने ओरखडा लपविते आणि तेथेच घात होतो. कुत्रा चावल्याचे सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावणार नाही, अशी खात्री वर्गातील प्रत्येक मुलास शिक्षकांनी दिली पाहिजे. त्या एका खात्रीने एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो.