गावची वाहिनी आणि डिजिटल केबल

घरातील दूरचित्रवाणी संचावर एकेकाळी देशोदेशींच्या वाहिन्यांच्या रांगेत एक गावची वाहिनीही असे. उद्या पाणी कोणत्या भागाला येणार, बाजार समितीत कांद्याला काय भाव मिळाला, विसर्जनाची मिरवणूक कोठवर आली, अशा वार्ता ती देई. चित्र पुसट असे, निवेदकाचे उच्चारही नेहमी निर्दोष नसत. तरी ती आवर्जून पाहिली जाई, कारण ही माहिती अन्यत्र मिळत नसे.

हे त्या काळच्या ॲनालॉग तंत्रामुळे शक्य होते. गावातला केबलचालक गच्चीवरील तबकड्यांनी उपग्रहाचे संकेत घेई, मॉड्युलेटर नावाच्या यंत्राने प्रत्येक वाहिनीला तारेत स्वतंत्र जागा देई आणि त्या सर्व घरोघरी पोहोचवी. त्यांत स्वतःची एक वाहिनी मिसळायची, तर जास्तीचा एक मॉड्युलेटर आणि एक व्हिडिओ प्लेअर पुरे. दाराची किल्लीच त्याच्या हाती होती म्हणा ना!

मात्र तारेत सुमारे शंभर वाहिन्याच मावत. शिवाय किती घरांत जोडणी आहे, हे केबलचालक सांगेल तेच खरे मानावे लागे. त्यामुळे वाहिन्यांचे उत्पन्न आणि शासनाचा कर दोन्ही बुडत. म्हणून २०११ मध्ये केबल दूरचित्रवाणीविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटल प्रसारण सक्तीचे झाले. २०१२ मध्ये महानगरांपासून आरंभ झाला. ग्रामीण भागाला दिलेली अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली.

डिजिटल तंत्रात चित्र व ध्वनी अंकांच्या रूपात आणून त्यांचा संक्षेप केला जातो. त्यामुळे एका वाहिनीच्या जागेत दहाहून अधिक वाहिन्या मावतात. परंतु हा संक्षेप करणारी आणि संकेतांना जणू कुलूप घालणारी यंत्रे महाग असतात. ती असतात मोठ्या वितरक कंपनीच्या केंद्रात, बहुधा दूरच्या शहरात. तेथे लागलेले कुलूप तुमच्या घरातील सेट टॉप बॉक्समध्येच उघडते. गावच्या केबलचालकाकडे मुख्यतः तार सांभाळणे आणि वर्गणी गोळा करणे एवढेच उरले. स्वतःची वाहिनी दाखवायची, तर ती आधी त्या केंद्रापर्यंत पोहोचवावी लागते. अनेकदा जागेचे भाडेही मोजावे लागते. किराणा दुकान, शिकवणीवर्ग यांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला हे कसे पेलावे?

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये यासंबंधी नियम केले. वितरकाच्या स्वतःच्या वाहिन्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच असाव्यात. मात्र स्थानिक गरजेसाठी प्रत्येक जिल्ह्यामागे आणखी २ वाहिन्यांना मुभा मिळाली. स्थानिक बातम्या देणाऱ्याने कंपनी म्हणून नोंदणी करणे आवश्यक ठरले. नोंदणीमुळे बेजबाबदार बातम्यांना आळा बसेल, हे मान्य. पण एकट्या नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. दोन वाहिन्यांत सुरगाण्याच्या पाण्याची वार्ता कितीशी येणार?

काही वाहिन्यांनी यूट्यूबचा आश्रय घेतला आहे. तेथे जागेचे भाडे नाही, वितरकाची परवानगीही नको. मात्र तेथे त्या शोधाव्या लागतात; रिमोटवरील क्रमांक दाबताच आजीबाईंच्या समोर गावची वाहिनी येई, तशी ती येत नाही.