एका थेंबात सहा उंदरांचं औषध

खामगावच्या एका वाचकाने विचारलंय : घरातल्या पांढऱ्या उंदराच्या मानेवरचे केस गेले, खपल्या धरल्या, तीन मलमं झाली तरी खाज हटत नाही. हा शेगावकडचाच प्रकार तर नव्हे?

नव्हे. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले, तेव्हा संशय बुरशीवर गेला, पाण्यावरही गेला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनचा गहू तपासायला घेतला आणि त्यात सेलेनियम भरमसाट निघालं. डोक्याच्या रोगासाठी त्यांनी ताटात पाहिलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

उंदराच्या बाबतीत मात्र आरोपी बहुधा कातडीवरच बसलेला असतो. माइट : कोळ्याच्या गणगोतातला, आठ पायांचा, केसाच्या बुडाला चिकटून राहणारा. नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. मागच्या पायांची नखं पोचतात तिथे, म्हणजे मान, खांदे, डोकं, तिथेच जखमा.

औषध आयव्हरमेक्टिन. जपानच्या सातोशी ओमुरांनी गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा काढला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्यातलं औषध हेरलं. २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांना मिळाला. पण त्याचा जंत मारण्याचा गुण पहिल्यांदा दिसला कुणात? जंत झालेल्या उंदरात! जिवाणू वाढवलेलं पाणी त्याच्या खाण्यात कालवलं होतं. मानपत्रात त्याचा उल्लेख कोण करणार? (करोनाकाळात याच औषधाचा केवढा गवगवा झाला; मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही.)

गाई-बकऱ्यांसाठीची बाटली दुकानात मिळते आणि घोटाळा तिथेच होतो. १ टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरलं, तर ४०० ग्रॅमच्या उंदराला लागतं ०.००८ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे सहापट! तेव्हा घरी प्रयोग नको. पशुवैद्यांकडून मोजून घ्या.

आता ‘हटत नाही’चं उत्तर. हे औषध माइट मारतं, त्यांची अंडी नाही. एका डोसाने बरं वाटतं, अंडी फुटली की खाज परत, आणि लोक औषधाला नावं ठेवत चौथं मलम आणतात. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने डोस पुन्हा द्यावे लागतात, पिंजऱ्यातल्या सगळ्या उंदरांना एकदमच. शिवाय दर वेळी खालचा भुसा-कागद बदलायचा. तोवर मागच्या पायांच्या नखांची टोकं तेवढी कापून घ्या, जखमा भरायला वाव मिळतो. घरात कुणाच्या हातावर गोल चट्टा उठला असेल, तर मात्र उंदराचं दुखणं गजकर्ण, म्हणजे बुरशी, असू शकतं. बुरशीवर आयव्हरमेक्टिनचा काही उपयोग नाही.