जाहिरात कोणाची घ्यावी, कोणाची परतवावी?

वर्तमानपत्र, छापखाना किंवा फलक रंगविण्याचा धंदा करणाऱ्याला एक गिऱ्हाईक आज ना उद्या भेटतेच. कपडे नीटनेटके, बोलणे नम्र, पैसे रोख आणि तेही आगाऊ. मजकुराचा कागद पुढे सरकवला की मग कळते, हा मजकूर आपण घरात चारचौघांत वाचून दाखवू शकणार नाही. मालिशच्या नावाखाली भलताच व्यवसाय, 'ताकदीची' औषधे, आणि अलीकडे 'फक्त प्रौढांसाठी' म्हणविणारी संकेतस्थळे. आपण कागद परत करू लागलो की गिऱ्हाईक म्हणते, "साहेब, तुम्ही फक्त जागा विकता. माल आमचा, जबाबदारीही आमची."

हा युक्तिवाद बरोबर आहे काय? आमच्या वाचकांत छपाई, फ्लेक्स, केबल आणि संकेतस्थळे बनविण्याच्या धंद्यात असलेले पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न आम्ही येथे व्यापाराचा प्रश्न म्हणूनच घेत आहोत.

येरवड्यात सांगितलेला अनुभव

येरवडा म्हटले की कारागृह डोळ्यांपुढे येते. त्याच कारागृहाचा छापखानाही प्रसिद्ध आहे. 'येरवडा कारागृह मुद्रणालय' हे शब्द कितीतरी सरकारी पुस्तकांवर वाचकांनी पाहिले असतील. पण छपाईच्या आणि जाहिरातीच्या धंद्याविषयी या कारागृहात एक महत्त्वाची गोष्ट लिहून झाली आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्यास आणण्यात आले. तेथे १९२३ च्या अखेरीस त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. ते सांगत आणि सहबंदी इंदुलाल याज्ञिक लिहून घेत. पुस्तकाची पहिली तीस प्रकरणे अशी येरवड्यात तयार झाली. त्यांतले एक प्रकरण 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकाचे आहे. हे पत्र १९०३ साली डर्बनमध्ये निघाले. तेथील हिंदी लोकांत गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा भरणा होता. गांधीजींना १८९३ साली तिकडे बोलावणारी दादा अब्दुल्लांची पेढी त्यांपैकीच एक.

आरंभी हे पत्र इतर पत्रांसारखेच चाले. जाहिराती घेतल्या जात, बाहेरची छपाईची कामेही घेतली जात. पुढे दोन्ही बंद केले. त्याची कारणे गांधीजींनी जी दिली आहेत, ती आजही कोणत्याही लहान पत्राच्या कचेरीत लागू पडतात. कोणती जाहिरात घ्यायची आणि कोणती नाही, हे ठरविण्यात नेहमी अडचण येई. एखादी जाहिरात नाकारावीशी वाटे, पण देणारा समाजातला पुढारी असला की तो रागावेल म्हणून ती घ्यावी लागे. जाहिराती मिळविण्यात आणि त्यांची वसुली करण्यात चांगली माणसे अडकून पडत. शिवाय खुशामत करावी लागे, ती वेगळीच. पत्र लोकांच्या सेवेसाठी असेल तर त्याचा भार लोकांनी वर्गणी देऊन उचलावा, असा निर्णय त्यांनी घेतला. लढा ऐन भरात असताना या पत्राचे वर्गणीदार ३,५०० पर्यंत गेले होते.

दहा वर्षांनी त्याच कारागृहातून या निर्णयाची दुसरी कसोटी लागली. गांधीजी पुन्हा येरवड्यात होते. पुणे करार सप्टेंबर १९३२ मध्ये तेथेच झाला होता. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी 'हरिजन' हे इंग्रजी साप्ताहिक पुण्याहून निघाले. संपादक आर. व्ही. शास्त्री होते, आणि गांधीजी कारागृहातून लिहीत. जाहिराती न घेण्याची 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' यांची रीत याही पत्राने पाळली. मात्र त्याचबरोबर गांधीजींची एक व्यापारी अट होती: ठरावीक मुदतीत पत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले नाही तर ते बंद करावे. ही अट धंदेवाइकांनी नीट लक्षात घ्यावी. जाहिरात नाकारणे म्हणजे हिशेब न ठेवणे नव्हे.

आपल्याला ते परवडेल काय?

येथे वाचक म्हणतील, गांधीजींचे नाव मोठे होते, त्यांना वर्गणीदार मिळाले. आपले काय? हा आक्षेप खरा आहे. लहान साप्ताहिक ईदच्या शुभेच्छांवर, कापड दुकानांच्या आणि शाळाप्रवेशाच्या जाहिरातींवरच तग धरते. छापखानेवाल्याला दर महिन्याला भाडे, वीज आणि कारागिरांचा पगार द्यावा लागतो. जाहिरात मुळीच घेऊ नका, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. स्वतः ते पाळत नसताना सांगणे बरे दिसणार नाही. पण सर्व घेणे आणि काहीच न घेणे यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे. नियम आधी ठरवावा आणि गिऱ्हाईक पुढे येण्यापूर्वी तो कागदावर लिहून ठेवावा. रोख रक्कम समोर दिसत असताना ठरविलेला नियम फार काळ टिकत नाही.

कायदा काय म्हणतो?

'जबाबदारी आमची' हे गिऱ्हाईकाचे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ चा आहे. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात त्याने बंद केली. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणे याच्या व्याख्येत ती छापणेही येते, हे छापखानेवाल्यांनी विसरू नये. स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुढच्या गुन्ह्याला किमान सहा महिने, कमाल पाच वर्षे, आणि दंड १०,००० पासून एक लाखापर्यंत.

संगणकाच्या मार्गाने चालणाऱ्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ६७ आहे. अश्लील मजकूर प्रसिद्ध केल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक दृश्यांसाठी कलम ६७ अ लागते, त्यात पाच वर्षे आणि दहा लाख. जो प्रसिद्ध करवतो तोही यात येतो. वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिलचे दंडक आहेत. जाहिरातींसह सर्व मजकुराला संपादक जबाबदार, असे ते सांगतात. आरोग्य आणि शरीरस्वास्थ्याच्या छोट्या जाहिरातींत आडून गिऱ्हाईक बोलावण्याची भाषा असेल तर ती पारखण्याची व्यवस्था पत्राने करावी, असेही त्यांत म्हटले आहे.

पैसा कशाचा मिळतो?

असले गिऱ्हाईक नेहमीच्या दरापेक्षा जास्त का देते, याचा विचार करावा. त्याला आपला कागद नको असतो, आपली पत हवी असते. ज्या पानावर शाळेची आणि दवाखान्याची जाहिरात आहे, त्याच पानावर त्याचे नाव आले की ते धुऊन निघते. संकेतस्थळांच्या व्यवहारातही हेच आहे. शोधयंत्रे एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दिलेला पत्ता शिफारशीसारखी धरतात. म्हणून साध्या किराणा दुकानदाराच्या किंवा शिकवणीवर्गाच्या संकेतस्थळालाही 'आमचा एवढा पत्ता कोपऱ्यात ठेवा, दरमहा इतके देतो' असा निरोप येतो. येरवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करून संध्याकाळी स्वतःची छोटी कामे घेणाऱ्या तरुणांनी आपल्या गिऱ्हाइकांना हे समजावून सांगावे. आपण जागा विकत नाही, साक्ष विकतो. कापडवाला, दागिनेवाला आणि शाळा यांनी आपल्या पानावर जो विश्वास ठेवला आहे त्यातूनच ही साक्ष दिली जाते. त्यांच्यातला एक जरी निघून गेला तरी जास्तीचा दर भरून येत नाही.

माणूस आणि त्याचे दुकान

आता एक नाजूक मुद्दा. असा धंदा करणारा माणूस जाहिरात न देता वाचकाचे पत्र पाठवतो. विषय रस्त्यावरच्या पाण्याचा किंवा व्यवसायकराचा, मुद्दा बिनतोड, आणि खाली सहीबरोबर आपल्या दुकानाचे नाव व पत्ता. अशा वेळी काय करावे? काहीजण पत्र फाडून टाकतात. आमच्या मते ते चूक आहे. पाण्याविषयीचे खरे बोल कोणी सांगितले म्हणून खोटे होत नाहीत. पत्र वाचावे, त्यात अर्थ असेल तर नावाने छापावे, मात्र दुकानाचे नाव आणि पत्ता गाळावा आणि तसे त्याला आधी कळवावे. त्याला खरोखर पाण्याविषयी बोलायचे असेल तर तो संमती देईल. पत्त्याशिवाय छापू नका म्हणाला, तर त्याने आपल्याला पत्र पाठविले नव्हते, फुकटची जाहिरात पाठविली होती. मग ते परत करावे. सभेच्या देणगीफलकाला आणि बक्षिसाच्या ढालीलाही हाच नियम लावावा.

परत करतानाही अपमान करू नये. दारात आलेल्या माणसाला चारचौघांत बोल लावणे सोपे असते. पण उद्या तोच धंदा बदलून आला, तर त्याला आत यायला वाट राहिली पाहिजे.

उलट बाजूची काळजीही तितकीच हवी. शरीराविषयीचा प्रत्येक मजकूर अश्लील नसतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यांची अनेक मते पुष्कळांना मान्य नव्हती, आजही नसतील. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले, आणि १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. ज्या संततिनियमनाबद्दल ते बोलत, त्याचा कार्यक्रम भारत सरकारने १९५२ साली स्वतः हाती घेतला. वर सांगितलेल्या १९५४ च्या कायद्यातही शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकाला सूट आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाची, फिजिओथेरपिस्टची किंवा गुप्तरोगाच्या सरकारी दवाखान्याची माहिती संकोचापोटी नाकारली, तर नुकसान रोग्याचे होते.

तीन प्रश्न

म्हणून आमची सूचना एवढीच. जाहिरात हाती आली की तीन प्रश्न विचारावेत. माल कायद्याने विकता येतो काय? देणाऱ्याचे खरे नाव आणि ठावठिकाणा आपल्या वहीत लिहून द्यायला तो तयार आहे काय? आणि हा मजकूर आपल्या घरातल्या माणसांपुढे मोठ्याने वाचता येईल काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर खुशाल छापावे. एकाचेही उत्तर नाही असेल तर आगाऊ रक्कम पावतीसह परत करावी.

छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण असलेच पाहिजे, असा दंडक या देशात १८६७ च्या कायद्याने घातला. आपल्या अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी ती बारीक ओळ आपण दर आठवड्याला छापतो. जाहिरात घेण्यापूर्वी ती ओळ एकदा वाचावी. गिऱ्हाईकाचे नाव त्या ओळीत कधीच नसते, आपले असते.