फिनिश शब्दांची कुळकथा

फिनलंडची भाषा फिनिश ही युरोपातील बहुतेक भाषांप्रमाणे इंडो-युरोपीय कुळातील नाही. तिचे कूळ उरालिक. एस्टोनियन ही तिची जवळची बहीण, तर हंगेरियन दूरची. इंग्रजी व संस्कृत जाणणाऱ्यालाही तिचा पहिला पाठ परका वाटावा, हे यामुळेच. तरीही या भाषेतील घरगुती शब्दांकडे मराठीच्या अध्यापकांनी लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. बेळगाव, बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी मुलाला ‘तुमची मराठी भेसळीची’ हा शेरा अनेकदा ऐकावा लागतो. शब्द परका म्हणून भाषाही परकी, हा त्यामागील समज कितपत टिकतो, याची उत्तम कसोटी फिनिश भाषेत सापडते.

प्रथम उच्चाराविषयी. फिनिशमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अवयवावर येतो, आणि ऱ्हस्वदीर्घ भेदाने अर्थ बदलतो. ‘तुलि’ म्हणजे अग्नी, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. पुढील फिनिश शब्दांतील ‘आ’ हा स्वर ऱ्हस्व समजावा.

या भाषेच्या शब्दसंग्रहात एकावर एक थर आहेत. सर्वांत खालचा थर स्वकुळाचा. ‘वेसि’ (पाणी), ‘कॅसि’ (हात), ‘वेरि’ (रक्त) यांचे सगोत्र हंगेरियनमध्ये ‘वीझ’, ‘केझ’, ‘वेर’ असे आढळतात. त्याच्या वरचा एक थर आपणांस चकित करणारा आहे. ‘साता’ म्हणजे शंभर; हा शब्द आणि आपल्या ‘पाचशे’मधील ‘शे’ हे दोन्ही ‘शत’ शब्दाच्या घराण्यातील होत. ‘वासारा’ (हातोडा) याचा संबंध ‘वज्र’ शब्दाशी, ‘आर्वो’ (मोल) याचा ‘अर्घ’ शब्दाशी, ‘ओसा’ (वाटा) याचा ‘अंश’ शब्दाशी आणि ‘वासिक्का’ (वासरू) याचा ‘वत्स’ शब्दाशी भाषाशास्त्रज्ञ जोडतात. हे शब्द भारतातून तिकडे गेले नाहीत. व्होल्गा व उराल यांच्या परिसरात प्राचीन इंडो-इराणी बोलणारे लोक फिनिशभाषकांच्या पूर्वजांचे शेजारी होते. ही देवघेव त्या काळची आहे. ‘ओर्या’ म्हणजे गुलाम, आणि तो शब्द अनेक विद्वान ‘आर्य’ शब्दापासून काढतात! शब्दांची मोठेपणाची वस्त्रे शेजाऱ्याच्या घरी कशी उतरतात, हे यावरून दिसते. मात्र नुसत्या ध्वनिसाम्याने नाते सिद्ध होत नाही. फिनिश ‘काला’ म्हणजे मासा. आपल्या गोपाळकाल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पुढे बाल्टिक भाषकांच्या सहवासातून ‘सिल्ता’ (पूल), ‘हाम्मास’ (दात) आणि ‘सिसार’ (बहीण) हे शब्द आले; स्लाव्ह शेजाऱ्यांकडून ‘इक्कुना’ (खिडकी) आला. ‘लेइपॅ’ (भाकरी, पाव) जर्मानिक भाषकांकडून आला. आणि ज्याला ‘मातृभाषा’ म्हणतात त्या भाषेत माता हा शब्दच उसना असावा, ही गंमतही येथे पाहावयास मिळते. ‘ॲइति’ (आई) हा शब्द जर्मानिक आहे. ‘एमो’ हा जुना देशी शब्द आज मुख्यतः पशुपक्ष्यांच्या मादीसाठी उरला आहे. पण म्हणून फिनिश मुलाचे आईशी असलेले नाते उसने ठरत नाही. आपणही ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द कानडीतून घेतले आहेत, आणि ते आपल्या घरातून कोणी काढू म्हटल्यास निघणारे नाहीत.

उसने घेणारा कधी कधी मूळ मालकापेक्षा चांगला राखणदार ठरतो. ‘कुनिंगास’ म्हणजे राजा. या शब्दाचा शेवटचा ‘आस’ हा प्राचीन जर्मानिक प्रत्ययाचा अवशेष आहे. इंग्रजी, जर्मन व स्वीडिश या भाषांत तो केव्हाच झिजून गेला. फिनिशने तो सांभाळला.

परंतु फिनिशने शब्द आहे तसा क्वचितच ठेवला. जुन्या फिनिशला शब्दारंभीचे जोडाक्षर मानवत नसे. म्हणून स्वीडिश ‘स्कूला’चे ‘कोउलु’ (शाळा), ‘स्तूल’चे ‘तुओलि’ (खुर्ची) आणि ‘ग्लास’चे ‘लासि’ झाले. आपली बोली ‘इस्टेशन’ म्हणताना आधाराला स्वर जोडते. फिनिश व्यंजन गाळते. असा पाहुणा एकदा घरात आला की घराचे नियम त्याला लागू होतात. ‘कोउलुस्सा’ म्हणजे शाळेत, ‘कोउलुस्ता’ म्हणजे शाळेतून. फारसी ‘दुकान’ला आपण ‘दुकानात’, ‘दुकानातून’ असे प्रत्यय लावतो, त्याचाच हा प्रकार होय. भाषेचे स्वत्व शब्दाच्या जन्मस्थानात नसून त्याला आपल्या व्याकरणात नांदविण्याच्या सामर्थ्यात आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

हे सामर्थ्य नवनिर्मितीतही दिसते. फिनलंडमध्ये शिक्षण व राज्यकारभार यांची भाषा दीर्घकाळ स्वीडिश होती. १८३१ मध्ये हेलसिंकी येथे फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली, आणि १८६३ च्या राजाज्ञेने फिनिशला कारभारात स्थान मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्या शतकात शेकडो शब्द घडविण्यात आले. विजेसाठी ‘सॅह्क्यो’ हा शब्द १८४५ मध्ये साम्युएल रूस यांनी योजला. ‘पुहुआ’ (बोलणे) यापासून ‘पुहेलिन’ (दूरध्वनी) आला, तर ‘तिएतो’ (ज्ञान) आणि ‘कोने’ (यंत्र) मिळून ‘तिएतोकोने’ म्हणजे संगणक. हे शब्द रुळले, कारण त्यांतील धातू व प्रत्यय सामान्य माणसाच्या तोंडचेच होते.

अध्यापकांना यातून एक पद्धती मिळते. ‘किर्या’ म्हणजे पुस्तक. त्याचा जुना अर्थ नक्षी किंवा खूण असा असून ‘किर्यावा’ म्हणजे रंगीबेरंगी. त्यापासून ‘किर्याइन’ (अक्षर), ‘किर्ये’ (पत्र), ‘किर्यास्तो’ (ग्रंथालय), ‘किर्याल्लिसूस’ (साहित्य) असे कुटुंब उभे राहते. ‘किर्याकाउप्पा’ म्हणजे पुस्तकांचे दुकान. त्यातील ‘काउप्पा’ हा शब्द जर्मानिक आहे, पण समासात तो देशी शब्दाला अगदी सहज बिलगला आहे. सहा शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा हे एक घर ओळखून घेणे विद्यार्थ्याला सोपे जाते. मराठीच्या वर्गातही ‘लिहिणे’, ‘लेख’, ‘लेखणी’ यांच्या शेजारी ‘कागद’, ‘दौत’ आणि ‘पेन्सिल’ यांची कुळे मांडून पाहावीत. ज्या मुलाने आपल्या दप्तरातील प्रत्येक शब्दाचा प्रवास असा जाणून घेतला, त्याला आपल्या मराठीबद्दल कोणाची क्षमा मागावीशी वाटणार नाही.