बुबुळावरची टोबणी

खर्ऱ्यासाठी आणलेली चुन्याची ट्यूब पोराच्या हाती लागते. तिच्या तोंडाशी चुना वाळून घट्ट बसलेला असतो. पोरगं ती तोंडासमोर धरून जोर लावतं, वाळलेला खडा उडतो आणि मागचा ओला चुना थेट डोळ्यात जातो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००३ मध्येच ‘लॅन्सेट’मधून चुन्याच्या पाकिटांबद्दल सावध केलं होतं. आपल्या पानठेल्यांवर ती आजही लहान मुलांच्या हाताला येतील अशी ठेवलेली असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चुना डोळ्याच्या आत-आत झिरपत जातो. त्यावर पहिलं औषध पाणीच. क्षणही न दवडता वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास डोळा धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. पापणी उलटून तिच्यामागे अडकलेले कण डॉक्टरच काढतील. तूप, मध, काजळ काहीही घालू नये. भलता उपचार किती महागात पडतो, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज जन्मले १८८१ मध्ये. तान्हेपणी डोळ्यांवर चुकीचा उपचार झाल्याने त्यांची दृष्टी गेली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला कॉर्निया नावाचं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं पारदर्शक पटल असतं. त्यात रक्तवाहिनी नसते. त्याच्या वरच्या थरातल्या पेशी सारख्या झडतात आणि नव्या येतात. या नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी कॉर्नियाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या अरुंद पट्ट्यात राहतात. चुन्याने हा पट्टाच जळाला की पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते. लोक म्हणतात, फूल पडलं. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया नुसता बसवला, तर तोही कालांतराने गढूळ होतो, कारण त्याला पेशी पुरवणारं कुणी उरलेलं नसतं.

यावरचा मार्ग इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी १९९७ मध्ये दाखवला. रुग्णाच्याच चांगल्या डोळ्याच्या कडेचा कण घ्यायचा आणि त्यातून प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून हे काम सुरू झालं. तिथे कडेचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा काढत. बाळंतपणानंतर मिळणाऱ्या वारेचं पातळ आवरण स्वच्छ करून त्यावर तो ठेवत आणि रुग्णाच्याच रक्तातला द्रव त्याला पोसायला वापरत. दहा ते चौदा दिवसांत आवरणावर पेशींचा अखंड थर पसरे. मग तो आवरणासकट जळलेल्या डोळ्यावर बसवत. २०११ मध्ये या संस्थेने २०० रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यातल्या १४२ जणांच्या डोळ्याचा पृष्ठभाग टिकून राहिला होता.

पण अशी प्रयोगशाळा उभी करणं आणि चालवणं अतिशय खर्चिक. म्हणून डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळी वाट मांडली. वाफ्यात रोप करण्याऐवजी सरकी सरळ वावरात टोबावी, तसं त्यांनी केलं. त्याच छोट्या तुकड्याचे बारीक कण करून ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, डोळ्यावर पसरलेल्या वारेच्या आवरणावर, जैविक गोंदाने चिकटवले. पेशी वाढतात त्या डोळ्यातच. या पद्धतीला स्लेट म्हणतात. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या १२५ रुग्णांच्या अभ्यासात ७६ टक्के यश दिसलं. दोन्ही डोळे भाजले असतील तर मात्र नातेवाइकाच्या किंवा नेत्रदात्याच्या पेशी घ्याव्या लागतात. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून मग जड औषधंही लागतात.

हे सगळं झालं कॉर्नियाच्या वरच्या थराचं. जपानमध्ये क्योतोच्या शिगेरू किनोशिता यांनी कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरावर काम केलं. माणसात हा थर पुन्हा वाढत नाही. दात्याच्या कॉर्नियातल्या पेशी वाढवून त्या सुईने डोळ्यात सोडायच्या आणि रुग्णाने तीन तास पालथं पडून राहायचं, म्हणजे पेशी योग्य जागी बसतात. अशा ११ रुग्णांचे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण चुन्याने भाजलेल्या डोळ्यांसाठी, आपल्या अकोला-अमरावतीकडे मोलाची ठरेल ती स्लेटच, असं मला ठामपणे वाटतं. अकोल्याहून पूर्णा-नांदेडमार्गे हैदराबादची गाडी आहे, पण या आजारात एका फेरीने भागत नाही. थेंब महिनोन्‌महिने घालायचे, डोळ्याचा दाब तपासायचा, पृष्ठभाग सावरल्यावर गरज पडली तर नेत्रदानातला कॉर्निया बसवायचा. दर फेरीला बापाची मजुरी बुडते आणि पोराची शाळा. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे. ज्या शस्त्रक्रियेला पेशींची प्रयोगशाळा लागत नाही, तिच्यासाठी इथल्या एखाद्या तरी नेत्रशल्यविशारदाला हैदराबादला शिकायला पाठवावं, आणि वारेचं आवरण व गोंद यांचा खर्च सरकारी योजनेतून भागावा. ही मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींकडे आपण लावून धरायला हवी.