मखमलीचा चुरा

केक कुस्करून त्याचे गोळे वळायचे, काडीला टोचायचे आणि चॉकलेटात बुडवायचे, हा प्रकार अमेरिकेत गाजला २००८ मध्ये. जॉर्जिया राज्यातली अँजी डडली ही ‘बेकरेला’ या टोपणनावाने लिहिणारी हौशी बेकर. आधी ती नुसते गोळे करायची. त्यातला लोकांना आवडलेला प्रकार म्हणजे रेड वेल्वेट केकचा चुरा, त्यात क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग आणि वरून चॉकलेटचं कवच. मग तिने गोळ्याला लॉलिपॉपची काडी लावली. त्याच वर्षी मार्था स्ट्युअर्टच्या टीव्ही कार्यक्रमात तिचं कौतुक झालं, २०१० मध्ये ‘केक पॉप्स’ हे तिचं पुस्तक आलं आणि २०११ मध्ये स्टारबक्सने काडीवरचे केक काउंटरवर मांडले.

यात नवी होती ती काडी. उरलेल्या केकचे गोळे युरोपातले बेकर कितीतरी आधीपासून करत आलेत. डेन्मार्कमध्ये आदल्या दिवशीच्या केक-पेस्ट्र्यांचा चुरा, कोको आणि रमची चव असे ‘रोमकुगलर’ बेकरीत सर्रास मिळतात. व्हिएन्नातल्या गुलाबी ‘पुन्शक्राप्फेन’च्या पोटातही केकचेच तुकडे असतात. आपल्या घरांत शिळी पोळी कुस्करून गूळ-तुपात वळलेला लाडू याच जातीचा. कोरडा चुरा, त्याला धरून ठेवणारं काहीतरी स्निग्ध आणि वळणारा हात, एवढंच भांडवल. म्हणून ज्याला पोळीचा लाडू जमतो त्याला केक पॉप शिकवायची फारशी गरज नसते. त्याला सांभाळायचं असतं ते चॉकलेट.

रेड वेल्वेटच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. ज्या पोतासाठी हा केक नावारूपाला आला तो पोतच पॉप करताना आपण चुरगाळून टाकतो. मग उरतं काय? लाल रंग आणि जिभेवर हलकेच जाणवणारा आंबटपणा. घरोघरचे बेकर रंगाच्या मागे लागतात आणि बाटली उपडी करतात. माझं मत असं, की पॉप करायचे असतील तर सगळं लक्ष आंबटपणावर द्यावं आणि रंगाला दुय्यम जागा द्यावी. या केकचा इतिहास पाहिला तर रंग तसाही मागून आलेला पाहुणा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन पाकपुस्तकांत ‘वेल्वेट केक’ दिसू लागले. त्यात लाल काही नव्हतं. मैद्याबरोबर कॉर्नफ्लोअर, बदामाची पूड किंवा कोको घातला की ग्लुटेनची पकड सैल होते आणि केक मऊ, बारीक जाळीचा होतो. तोवरचे केक चांगलेच दमदार, पाउंड केकच्या वळणाचे असत. त्यामानाने हा हलका प्रकार घासातच वेगळा कळत असे. कोको आणि आंबट ताक एकत्र आल्यावर केकला लालसर तपकिरी झाक यायची, कारण कोकोच्या बियांत अँथोसायनिन ही रंगद्रव्यं असतात आणि आम्लात ती लालीकडे झुकतात. आपल्या ओळखीची हळद नेमकी उलटी वागते. चुन्याची, म्हणजे अल्काची, गाठ पडली की ती लाल होते. कुंकू करायची पारंपरिक रीत तीच.

पुढे ‘डच’ कोको बाजारात रुळला. नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात कोकोवर अल्काची प्रक्रिया सुरू केली. त्याने कोकोचा तुरटपणा कमी होतो, रंग गडद होतो, आम्ल मरतं. प्यायला उत्तम, पण वेल्वेट केकची लालसर झाक त्यात बुडाली. आजही दुकानातून आणलेल्या डब्यावर ‘अल्कलाइज्ड’ किंवा ‘डच प्रोसेस्ड’ असं छापलेलं असेल तर तो कोको या केकला फार उपयोगाचा नाही. फिकट, विटकरी दिसणारा साधा कोको घ्यावा.

मग आजचा हा भडक लाल आला कुठून? रंग विकणाऱ्यांकडून, असं थोडक्यात म्हणता येईल. टेक्सासमधली अ‍ॅडम्स एक्स्ट्रॅक्ट ही इसेन्स आणि खायचे रंग विकणारी कंपनी. महामंदीच्या काळात तिने लाल रंगाच्या बाटल्यांबरोबर केकच्या कृतीची कार्डं वाटली. त्या कृतीतलं फ्रॉस्टिंग मैदा आणि दूध शिजवून केलेलं होतं. क्रीम चीज या केकवर नंतर चढलं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे स्वयंपाकघरात तिचा उपयोग आहे.

न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलचं नावही या केकशी जोडलं जातं, आणि त्यासोबत एक आख्यायिका फिरते. एक बाई हॉटेलात हा केक खाते, पत्र पाठवून कृती मागते, कृतीबरोबर शंभर डॉलर किंवा त्याहून मोठं बिल येतं. सूड म्हणून ती कृती सगळ्या गावाला वाटते. लोककथांचे अभ्यासक जॅन हॅरल्ड ब्रुनव्हँड यांनी १९८१ च्या आपल्या ‘द व्हॅनिशिंग हिचहायकर’ या पुस्तकात शहरी दंतकथांमध्ये तिचा समावेश केला. पुढे हीच कथा निमन मार्कस दुकानाच्या बिस्किटांना चिकटली. कथा खोटी, पण तिच्यामुळे कृती खरोखरच घरोघर गेली. जाहिरातदाराला इतकं फुकट काम क्वचित कोणी करून देतं.

१९८९ च्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ चित्रपटात नवऱ्या मुलासाठी आर्माडिलोच्या आकाराचा केक येतो. वरून करडं आयसिंग, कापल्यावर आत लालभडक रेड वेल्वेट. त्या प्रसंगाने अमेरिकेच्या दक्षिणेतला हा केक देशभर ओळखीचा केला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या मॅग्नोलिया बेकरीने कपकेकच्या रूपाने त्याला महानगरी दिमाख दिला. आणि या सगळ्याच्या समांतर, टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची बातमी १९ जून १८६५ रोजी मिळाली त्या दिवसाची आठवण म्हणून साजऱ्या होणाऱ्या ‘जूनटीन्थ’च्या पंगतीत लाल पेयं आणि लाल पदार्थ हवेतच अशी आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांची रीत आहे. तिथेही रेड वेल्वेट असतो. म्हणजे लाल रंग सगळ्यांसाठी नुसती विक्रीची क्लृप्ती नाही, हेही मान्य करायला हवं.

रंगाची दुसरी बाजू कायद्याची. अमेरिकेत ‘रेड नंबर २’ म्हणजे अ‍ॅमरंथ या रंगावर १९७६ मध्ये बंदी आली. भीती इतकी पसरली की मार्स कंपनीने एम अँड एम गोळ्यांतली लाल गोळीच काढून टाकली. गंमत म्हणजे त्या गोळीत तो रंग नव्हताच. ती परतली १९८७ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ‘रेड नंबर ३’, अर्थात एरिथ्रोसिन, याचीही परवानगी मागे घेतली. भारतात परवानगी असलेल्या मोजक्या कृत्रिम रंगांत लाल असे पोन्सो ४ आर, कार्मोझिन आणि हेच एरिथ्रोसिन येतात. सर्वसाधारण कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. अर्ध्या किलो केकला हे प्रमाण शुद्ध रंगाच्या ५० मिलिग्रॅमवर येतं, म्हणजे नखाच्या टोकावर मावेल इतकं. बाटलीतला रंग पातळ केलेला असतो म्हणून तो चमच्याने मोजला जातो, पण जेल आणि पूड रंगाच्या बाबतीत हा चमचा अंगाशी येऊ शकतो. सुटी, लेबल नसलेली पुडी तर घेऊच नये. २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकात ‘बुढ्ढी के बाल’वर कारवाई झाली ती त्यात सापडलेल्या रोडामिन-बी या कापड रंगवायच्या रंगामुळे.

बीट वापरून पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली. बीटातलं बेटानिन उष्णतेत टिकत नाही. पिठाचा घोळ सुंदर गुलाबी दिसतो आणि ओव्हनमधून तपकिरी केक बाहेर येतो. कोकमाची लाली अँथोसायनिनचीच, पण खायचा सोडा लागला की तीही मळकट होते. बिनमिठाचा कोकमाचा अर्क व्हिनेगरऐवजी घालायला हरकत नाही. आंबटपणा छान येईल, रंगाची अपेक्षा ठेवू नये.

आता ओट्याकडे. बिनअंड्याचा केक पॉपला जास्त सोयीचा, कारण तो जरा घट्ट असतो आणि चुरा एकसारखा पडतो. दीड कप मैदा, एक कप साखर, एक मोठा चमचा साधा कोको, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. दुसरीकडे एक कप आंबट ताक, एक तृतीयांश कप तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, व्हॅनिला आणि रंगाचे थेंब. अमेरिकन कृतीतलं बटरमिल्क दाट असतं, आपलं जेवणातलं ताक त्यामानाने पाणीच. म्हणून पाऊण कप आंबट दही पाव कप पाण्यात घुसळून घ्यावं. पुष्कळ कृतींत सोडा चांगला एक चमचा असतो. तेवढा घातला तर तो बहुतेक सगळं आम्ल खाऊन टाकतो, केक फुगतो खरा पण चव सपाट होते आणि रंग विटतो. पाऊण चमच्यात केक थोडा कमी फुगेल. कमी फुगला तर फुगू दे, आपल्याला तो कुस्करायचाच आहे. ओले-कोरडे घटक भरभर एकत्र करून १७५ अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजावा, सुरी कोरडी निघेपर्यंत.

केक पूर्ण निवू द्यावा, शक्यतो रात्रभर. गरम केक कुस्करला की चिकट लगदा होतो. कडा आणि वरची तपकिरी साल काढून टाकावी, नाहीतर लाल चुऱ्यात काळपट कण दिसत राहतात.

फ्रॉस्टिंगसाठी मी क्रीम चीजच्या वाटेला जात नाही. ते महाग, आणि त्यातल्या पाण्याने गोळा सैल पडतो. चक्क्यालाही हाच दोष. चक्का श्रीखंडाला राहू द्यावा. त्याऐवजी अ‍ॅडम्सच्या कार्डावरचं जुनं, मैद्या-दुधाचं फ्रॉस्टिंग इथे चपखल बसतं. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप दुधात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर दाट शिजवायचा आणि अगदी गार करायचा. शंभर ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि ऐंशी ग्रॅम पिठीसाखर पांढरीशुभ्र होईतो फेटून त्यात तो थोडाथोडा मिसळायचा. घरी विरजलेल्या सायीचं लोणी काढत असाल तर त्यासारखं दुसरं काही नाही. त्याला स्वतःचाच किंचित आंबटपणा असतो आणि केकसाठी लागणारं ताकही त्याच भांड्यातून मिळतं. फक्त ते गार पाण्यात धुऊन, दाबून, पाणी नीट काढावं.

चुऱ्यात हे फ्रॉस्टिंग एकदम ओतू नये. एका केकला सगळं लागतही नाही. चमच्याचमच्याने घालत जावं आणि मूठ वळून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, पण तळव्याला तेलकट चकाकी राहिली नाही, की थांबावं. काडीवरून घसरणाऱ्या पॉपमध्ये दहापैकी नऊ वेळा फ्रॉस्टिंग जास्त झालेलं असतं. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे गोळे वळून तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत. फ्रीजरमध्ये मुळीच नाहीत, कारण पुढच्या पायरीत आहे.

कवचासाठी पांढरं कंपाउंड चॉकलेट घ्यावं. खऱ्या चॉकलेटातल्या कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात आणि त्यातला एकच चकचकीत, कटकन तुटणारा असतो. तो मिळवायला टेम्परिंग करावं लागतं, पांढऱ्या चॉकलेटला जवळजवळ २८-२९ अंशांवर आणून. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, ती वितळवली की आपोआप बऱ्यापैकी जमते. चवीत खऱ्याची सर नाही, पण घरात पन्नास पॉप बुडवायचे असतील तर अभिमान बाजूला ठेवावा. गरम पाण्यावरच्या भांड्यात ते वितळवताना पाण्याचा एक थेंबही आत पडू देऊ नये. साखरेचे कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात आणि सगळं क्षणात घट्ट, दाणेदार होतं. याच कारणाने कवचाला रंग द्यायचा तर तेलात विरघळणाराच घ्यावा, साधा पाण्याचा चालत नाही. दाट वाटलं तर दूध नाही, चमचाभर खोबरेल किंवा वनस्पती तूप.

काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचावं. ते जमलं की गोंदाचं काम करतं. चॉकलेट उंच, अरुंद पेल्यात घेऊन पॉप सरळ आत न्यावा, एकदाच, आणि सरळ वर काढावा. गोल-गोल ढवळलं की गोळा पेल्यातच राहतो. मग काडी तिरकी धरून मनगटावर दुसऱ्या हाताने हलक्या टिचक्या माराव्यात, म्हणजे जास्तीचं ओघळून जातं. कवचाला तडा जातो तो इथे, आणि त्याचं कारण गोळ्याचं तापमान. फ्रीजरमधला कडक गोळा बाहेर आल्यावर फुगत जातो, त्याच वेळी भोवतीचं कवच जमताना आकसतं, मग ते फुटणारच. त्या फटीतून लाल तेलकट थेंबही बाहेर येतो. गोळा गार हवा, गोठलेला नको. बुडवायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवला तर बरं.

काड्यांबद्दल एक सूचना. जुन्या कृतींत प्लॅस्टिकची काडी आणि पॉप उभे करायला थर्मोकोल सांगितलेलं असतं. १ जुलै २०२२ पासून भारतात कँडीच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचं थर्मोकोल या दोन्हींवर बंदी आहे. कागदी काड्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या बेकिंगच्या दुकानांत मिळतात, आणि उभं करायला उपडी चाळणी किंवा अर्धा कोबी पुरतो. कोबीच्या पानांत काडी घट्ट बसते, आणि रात्री त्याची भाजी होते.

दिवाळीच्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, हे पॉप बाहेर एका दिवसापलीकडे ठेवू नयेत. आतल्या फ्रॉस्टिंगमध्ये दूध आहे. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात तीन-चार दिवस बरे राहतात. वाढायच्या तासभर आधी डबा बाहेर काढावा, पण बंदच ठेवावा. दमट हवेतलं पाणी मग डब्याच्या बाहेरच्या अंगावर जमतं. लगेच उघडलं तर तेच चॉकलेटवर बसतं, कवच चिकट होतं आणि वाळल्यावर त्यावर साखरेचे पांढरट डाग उमटतात.