तिसऱ्या दिवशीचा गहू

गहू भिजत घातल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत आंबूस वास सुटतो. सवय नसलेला माणूस नाकाला पदर किंवा रुमाल लावतो. मोठ्या आईने गंजावरचं झाकण काढलं, दोन दाणे चिमटीत दाबले. पांढरं दूध बाहेर आलं, रिकामं टरफल बोटाला चिकटून राहिलं. "झाला," ती म्हणाली. ओसरीवरून आबाजींचा, माझ्या आजोबांचा, आवाज आला, "राहू दे आज रातभर. वास अजून कच्चा हाय."

आबाजींनी आयुष्यात कधी चहासुद्धा केलेला नाही. त्यामुळे मोठ्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि झाकण परत ठेवलं.

आजी गेल्या पावसाळ्यात गेली. यंदाच्या अक्षय तृतीयेला तिची पहिली घागर. आमच्याकडे या दिवशी मातीची नवी घागर भरून पितरांच्या नावाने ठेवतात, पानावर पुरणपोळी असते, चिंचवणी असते आणि कुरोडी लागतेच. कुरोडी म्हणजे पुण्याकडची कुरडई. धाकट्या काकांनी विकत आणायचं सुचवून पाहिलं, तेव्हा आबाजींनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते आपल्या सोयीने बहिरे होतात. कान मात्र किती तयार आहेत, ते आम्हाला पुढे कळलं.

गहू लोकवन घेतला होता. आजीचा नियम तसा होता: बन्सी शेवयांना, लोकवन कुरोड्यांना. बन्सी हा इकडचा जुना कोरडवाहू गहू, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारा. त्याच्या शेवया तुटत नाहीत, पण चीक काढताना हात दुखवतो, असं ती म्हणायची. भिजवलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं. नाही बदललं तर आंबूसपणा हद्दीबाहेर जातो आणि तळल्यावरही वास राहतो. अजिबात आंबलाच नाही तर दाण्यातलं सत्त्व सुटत नाही, चोथ्याबरोबर निम्मा चीक फुकट जातो. या दोहोंच्या मधली एक रात्र आबाजींनी ओसरीवर बसून नाकाने ओळखली. सकाळी गहू वाटायला घेतला तेव्हा मोठी आई काही बोलली नाही, पण चीक भरपूर निघाला.

वाटलेला गहू पाण्यात कालवून पिळायचा, फडक्यातून गाळायचा, पुन्हा पाणी घालून पिळायचा. पूर्वी हे पाट्यावर चाले, आता मिक्सर आहे, पण पिळणं हातानेच. हात कोपरापर्यंत पांढरे होतात आणि वाळल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते. चोथ्यात तिखट, जिरं, लसूण घालून वड्या घातल्या. आजीच्या घरात फेकण्यालायक काही नसायचं. गाळलेला चीक रात्रभर निवळत ठेवला. सकाळी वरचं पिवळट पाणी हळूच ओतून टाकलं की तळाशी घट्ट पांढरा गोळा उरतो. गंज जरा तिरका झाला तर चीकही पाण्याबरोबर निघून जातो. हे काम आजी कुणाला करू देत नसे.

मग मिठाचा प्रश्न आला. आमचं मूर्तिजापूर खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. वर कापसाला मानवणारी काळी जमीन आणि खाली खारं पाणी. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते, डाळ शिजायला घातली तर डाळ शिजत नाही. आजीचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. पानमळ्यांचं गाव, गोड्या पाण्याच्या विहिरी. लग्न होऊन आल्यावर पहिला घोट पाण्याचा घेतला आणि रडू आलं, सासूला वाटलं आईची आठवण आली, असं ती हसत सांगे. पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड तिने शेवटपर्यंत वेगळा ठेवला. कुणी बोअरचं पाणी त्यात ओतलं तर घरात वादळ.

"मीठ घालाच्या आंधी पाणी चाखून पाह्य," आबाजी आता ओसरीवरून उठून दारात आले होते. "थे आंधी पाणी चाखे, मंग मीठ घे." मोठी आई मापाने मीठ घेत होती, तिने चमच्याचं मीठ परत बरणीत टाकलं. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, भांड्यात होतं ते बोअरचं मिसळलेलं. मापाने घातलं असतं तर कुरोड्या खारट झाल्या असत्या.

अंजनगावहून आजी आली शकुंतलेने. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ही अरुंद रुळांची गाडी. कापूस वाहण्यासाठी ब्रिटिश कंपनीने घातलेली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं लागलं, आता तर रुळांवर गवत आहे. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं गाडी चालवायची सरकारने आणि रूळ मात्र कंपनीच्या मालकीचे, असा तिचा कारभार. आजी आपल्या संसाराचं वर्णन त्याच गाडीवरून करायची: "गाडी म्या ओढली, रूळ सासूचे."

पहिली काही वर्षं ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला गेली. वेचा पहाटे सुरू व्हायचा, कारण दव असेपर्यंत वाळली पानं चुरत नाहीत आणि कापसाला कचरा लागत नाही. कमरेला ओटी, तिच्यात चांगला कापूस, कवडी वेगळी. आबाजी जिनात काट्यावर. दिवाळीपासून होळीपर्यंत जिन रात्रंदिवस चाले आणि ते घरी जेवायलाही धड येत नसत. हंगाम सरला की चैत्रात मोकळे. म्हणजे वर्षभरातल्या ज्या दिवसांत हा माणूस घरी असे, त्याच दिवसांत पलीकडे भिंतीआड आजी चीक शिजवत असे. पन्नासेक उन्हाळे त्यांनी ते ऐकलं. स्वयंपाकघरात पाऊल न टाकता.

याचा उपयोग कसा झाला ते सांगते. वाटीभर चिकाला वाटीभर पाणी, पाण्यात मीठ आणि हिंग. पाणी खळखळलं की चिकाची बारीक धार धरायची आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांडा फिरवत राहायचं. साठ अंशांच्या आसपास गव्हाचं सत्त्व पाणी पिऊन फुगायला लागतं आणि बघता बघता सगळं दाटतं. हात थांबला की गुठळ्या. मी ढवळत होते, मोठी आई धार सोडत होती. दाटल्यावर झाकण ठेवून वाफ काढली. आतून फदफद आवाज येत होता. मोठी आई झाकण उचलायला गेली तशी आबाजी म्हणाले, "थांब वं बाई. अजून वल्ला बोलते."

चीक ओला बोलतो म्हणजे काय, हे त्यांना सांगता आलं नाही. थोड्या वेळाने फदफद विरळ झाली, एकेक बुडबुडा जड होऊन फुटायला लागला. "आता." झाकण काढलं तर पांढरेपणा गेलेला, चीक काचेसारखा चकाकत होता आणि ओल्या बोटाला चिकटत नव्हता. वाटीभर चीक दूध-साखर घालून त्यांच्यासमोर ठेवला. तो त्यांनी सावकाश खाल्ला आणि बरा झाला की वाईट, ते सांगितलं नाही.

चीक गरम असतानाच सोऱ्या दाबावा लागतो, तळहात भाजतात. गच्चीवर बाजेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरून आम्ही कुरोड्या घातल्या. लुगडं आजीचंच, पण ते दरवर्षी तेच असे, त्यात नवं काही नव्हतं. अकोल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत वरची बाजू कडक होते, मग उलटायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या हातात खणखण वाजल्या.

इथून जवळच दापुरा आहे. गाडगेबाबांचं बालपण तिथे मामांच्या घरी गेलं. 1905 साली ते संसार मागे टाकून निघाले. त्यांच्याविषयी आजीला अपार भक्ती, पण कीर्तनातून परतल्यावर ती हमखास त्यांच्या पत्नीचा, कुंताबाईंचा, विषय काढायची. "बाबानं गावं झाडली. त्याईचं घर कोनं झाडलं?" आबाजी यावर गप्प बसत.

कुरोड्यांची वाटणी करायला बसलो तेव्हा मात्र ते गप्प नव्हते. एक डबा घागरीच्या स्वयंपाकाला, एक आत्याला, एक पुण्याला, शेजारी ज्यांचा सोऱ्या आणला त्यांना दहा-बारा. आणि मग म्हणाले, फाटकापलीकडे एक बाई राहते, तिला. आम्हा कुणाला ही बाई माहीत नव्हती. वेच्याला आजीच्या ओळीशेजारची ओळ तिची असायची. आजी दर चैत्रात तिच्याकडे कुरोड्या पाठवत होती, आणि घेऊन जायचे आबाजी, सायकलवर, घरात कुणाला न सांगता.

सायकल आता जमत नाही, म्हणून मी गेले. पिशवीत वीसेक कुरोड्या होत्या. म्हातारीने पिशवी उघडून पाहिली, आजीबद्दल विचारलं, डोळे पुसले, आणि मग पुन्हा पिशवीत पाहिलं. "यवढ्याशाच? थे तं डबा भरून धाडे."

घरी येऊन सांगितलं. आबाजी म्हणाले, "खरं हाय तिचं," आणि आत्याच्या डब्यातल्या निम्म्या काढायला लावल्या. आत्या त्यांच्याशी घागरीच्या दिवसापर्यंत बोलली नाही.